गालिच्यावर लाट येत नाही

बादलीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्याच वर्षी आमच्या लेकीनं ठरवलं, की आई-बाबांना एकदा समुद्राची सहल घडवायची. हे कळल्यावर बेटावरचे लोक आठवडाभर हसत होते. माझ्या नवऱ्याची बावन्न वर्षं समुद्रात गेली होती. सहल तेवढी राहिली होती.

बादली म्हणजे माझा नवरा. कागदोपत्री एनॉक क्विंटल. पण ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला भर समुद्रात असलेल्या आमच्या नॉरफोक बेटावर आडनावं मोजकीच, आणि ती सगळ्यांची तीच, त्यामुळे आमच्या टेलिफोनच्या पुस्तकातसुद्धा टोपणनावं छापतात. लहानपणी बापाच्या होडीतलं पाणी उपसायला तो बादली घेऊन बसायचा, म्हणून बादली. मी शिट्टी. का, ते सांगत नाही.

आमच्या बेटाला बंदर नाही. मोठं जहाज लांब उभं राहतं आणि माल असो की माणूस, पडावातून किनाऱ्याला येतो. पडाव म्हणजे लाकडी, पसरट होडी. पुढे मोटरलाँच ती ओढते आणि मागे तांडेल उभा राहून लांब वल्ह्यानं तिचं तोंड सांभाळतो. बादली तांडेल होता. पियानो, गाई, गव्हर्नर, नवऱ्या मुली, सगळं त्यानं धक्क्याला लावलं, आणि एकही माणूस पाण्यात पाडला नाही. गव्हर्नरची टोपी पडली होती. ती गव्हर्नरची चूक.

ऑपरेशननंतर धक्क्याच्या कचेरीतून पत्र आलं. खलाशांच्या यादीतून नाव कमी केलं आहे, आणि यापुढे पडावात फक्त यादीतले खलाशी आणि जहाजाचे प्रवासी यांनाच चढता येईल. पत्र फार गोड लिहिलं होतं. पुढचं जहाज आलं त्या दिवशी रताळ्यानं प्रेमानं बादलीसाठी धक्क्यावर खुर्ची आणून ठेवली. रताळ्या आता तांडेल. त्याला वल्हं धरायला बादलीनंच शिकवलं. बादलीनं त्या खुर्चीवर आपला कोट ठेवला आणि जहाज जाईपर्यंत तिच्या शेजारी उभा राहिला. घरी आला तेव्हा गुडघा भोपळ्याएवढा सुजलेला.

लेक लोर्ना ब्रिस्बेनला असते. नाताळाला आली ती तीन रंगीत पुस्तिका घेऊनच. मी केळी किसून पिल्ही, म्हणजे आमच्या केळ्याच्या वड्या, भाजायला टाकत होते. तिनं टेबलावरचं पीठ पुसलं आणि पुस्तिका मांडल्या.

"वयस्कर आई-वडिलांना घेऊन जाण्यासारख्या सहली, अशी एक यादीच मिळाली मला," ती म्हणाली. "ही बघा पहिली. न्यूझीलंडच्या खाड्या. दोन्ही बाजूंना उंच कडे, वरून धबधबे. आणि बाहेर थंडीत उभं राहायलाच नको. काचेची खोली आहे, पायावर पांघरूण देतात, तिथूनच सगळं दिसतं."

"पांघरूण कशाला?" बादली म्हणाला. "मेलेल्या माणसाला दाखवायचेत का धबधबे?"

"बाबा!"

"बरं, दुसरी."

"दुसरी युरोपातली नदी. एकदम सपाट. एक लाट म्हणून नाही."

"मग त्याला बोट का म्हणतात?"

मला काचेची खोली आवडली होती. खरं ते लिहिते. बावन्न वर्षं मी बोटींची वाट बघत किनाऱ्यावर उभी राहिले. कुणी पांघरूण देऊन मला धबधबा दाखवणार असेल तर मी नाही कशाला म्हणू? तसं मी बोललेही.

"धबधबे पुढच्या वर्षी," बादली म्हणाला.

"आणि पुढच्या वर्षी तू नसलास तर?"

"मग तुला अडवणारं कोण आहे?"

तिसरी पुस्तिका लोर्नानं पालथी ठेवली होती. बादलीनं ती उलटी केली. तिच्यावर लाल पेनानं काट मारलेली.

"ती राहू दे," लोर्ना म्हणाली. "ती मी बाद केलीये. त्यात लहान होड्यांतून उतरावं लागतं, म्हाताऱ्या माणसांना जमत नाही असं खाली स्पष्ट लिहिलंय. आणि थांबते कुठे माहितीये? ब्रिस्बेनहून निघून दोन दिवसांनी इथे. आपल्याच घरी. मग लिफू बेट, मग परत."

बादलीनं चष्मा शोधला. तो पुस्तिका वाचायला लागला आणि मला धडकी भरली. तो कधीही पूर्ण पान वाचत नाही.

"शिट्टी, त्या कचेरीच्या पत्रात काय लिहिलंय? पडावात कुणाला चढता येतं?"

"खलाशांना आणि जहाजाच्या प्रवाशांना."

"खलाशी तर मी राहिलो नाही." त्यानं चष्मा काढला. "मग मी प्रवासी होतो."

लोर्ना त्याच्याकडे बघतच राहिली. "बाबा, म्हणजे विमानानं ब्रिस्बेनला जायचं, दोन दिवस जहाजात बसायचं आणि आपल्याच धक्क्यावर येऊन उतरायचं?"

"हो."

"धक्का इथून पाच मिनिटांवर आहे!"

"त्या पाच मिनिटांनी मला पडावात घेतलं नाही. जहाज घेईल."

"आणि बाकीची दुनिया? कडे? धबधबे? मी तुम्हाला काहीतरी सुंदर दाखवायला निघालेय, बाबा."

"मला पण सुंदरच बघायचंय. ऐक. त्या धक्क्यावर मी पडावातून, माझ्या पायांनी उतरणार. कुणाचा हात धरून नाही. ते होणार असेल तर काढ तिकिटं. नाहीतर तुझ्या आईला ने खाड्यांना, मी कोंबड्या सांभाळतो."

लोर्ना दोन दिवस आमच्याशी नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं तिकिटं काढली. सहलीच्या अर्जात एक रकाना होता, तो तिनं आम्हाला न विचारता भरला. हे मला नंतर कळलं.

जहाज म्हणजे आडवं पडलेलं हॉटेल. आमच्या वयाचेच सगळे. जेवणाच्या रांगेत जो तो आपापलं ऑपरेशन सांगत होता. बादलीला ते बरं वाटलं नाही, पण त्याच्याकडेही एक होतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी तोही सांगायला लागला.

त्याच दुपारी सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना पाचव्या मजल्यावर बोलावलं. लांब बोळ, निळा गालिचा, त्यावर दोन पिवळ्या पट्ट्या चिकटवलेल्या. दोन पट्ट्यांच्या मध्ये हातभर अंतर. शेजारी पांढऱ्या कपड्यातली एक तरुण अधिकारी, रोवेना. फिलिपिन्सची होती. बोलायला गोड आणि कामाला स्वच्छ. तिच्याकडे दोन रंगांचे मनगटी पट्टे होते. हिरवा पट्टा मिळाला तर होडीतून उतरायचं. लाल मिळाला तर जहाजावरच बसायचं.

"मिस्टर एनॉक क्विंटल!" तिनं हाक मारली.

बादलीनं मागे वळून बघितलं. एनॉक हे त्याच्या आजोबांचंही नाव. मी त्याला कोपरानं ढोसलं, तेव्हा तो पुढे झाला.

"सोपं आहे, सर," रोवेना म्हणाली. "या पट्टीवरून त्या पट्टीवर पाऊल टाकायचं. मध्ये समुद्र आहे असं समजा."

हे तिनं म्हणायला नको होतं.

बादली पहिल्या पट्टीवर उभा राहिला. गुडघे जरा सैल केले. नजर खाली, त्या हातभर गालिच्यावर. आणि थांबला.

मला लगेच कळलं. आमच्याकडे मूल चालायला लागायच्या आधी एक गोष्ट शिकतं. पडाव समोर आला म्हणून पाय उचलायचा नाही. लाट पडावाला वर आणते, खाली नेते. दोन लहान येतात, मग एक मोठी. मोठीच्या माथ्यावर पडाव अर्धा श्वास टेकतो, तेव्हा तांडेल ओरडतो, "आता!" तेव्हाच पाय टाकायचा. गव्हर्नर असलात तरी. 'आता' आलं नाही तर उभं राहायचं, पाऊस असो की ऊन. समुद्र आहे असं समजा म्हणाली, त्यानं समजला. आणि तो मोठ्या लाटेची वाट बघत होता.

मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं.

"सर, टाका पाऊल."

"अजून नाही."

"घाई नाही, सर. भीती वाटत असेल तर—"

"भीती?" बादलीनं मान न उचलता विचारलं. "कुणाला?"

"बाई, तो लाटेची वाट बघतोय," मी म्हणाले.

"हो हो, मॅडम," ती म्हणाली, दवाखान्यात म्हणतात तशी. मग हळूच लोर्नाकडे वळली. "यांचं असं कधीपासून होतंय?"

लोर्नाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. रोवेनानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि बादलीच्या मनगटाला लाल पट्टा बांधला. माझी पाळी आली. मी समुद्र वगैरे काही समजले नाही. मला गालिचा दिसला, मी ओलांडला. मला हिरवा मिळाला. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या नवऱ्यापेक्षा चांगली दर्यावर्दी ठरले, पण ती वेळ हसायची नव्हती.

"पुन्हा घ्या," बादली म्हणाला.

"जरूर, सर. या पट्टीवर—"

"इथं नाही. गालिच्यावर लाट येत नाही. जिथं फट आहे तिथं घ्या."

"सर, नियमाप्रमाणे चाचणी इथंच होते."

"मग नियमाला खाली पाण्यावर घेऊन या. मी तिथं येतो."

खोलीत आल्यावर लोर्ना पलंगाच्या कडेला बसली. "बाबा, आता पुरे. सकाळी बेट दिसेल. सगळ्यात वरच्या मजल्यावर आपण तिघं बसू. तिथून सगळे कडे दिसतात, पाईनची झाडं दिसतात. लोक लांबून येतात ते बघायला. तू कधी बघितलंयस का लांबून?"

"मी बघायला आलेलो नाही. उतरायला आलोय."

"त्या बाईनं फक्त तिचं काम केलं. तिच्या कागदावर आधीच होतं ते." लोर्ना थांबली. मग म्हणाली, "मीच खूण केली होती. अर्जात. 'चढउतार करताना मदत लागते' म्हणून."

बादलीनं तिच्याकडे मान वळवली. 

"कधी लागली?" त्यानं विचारलं.

"मागच्या हिवाळ्यात मी आले होते. न्हाणीघरात तू घसरलास."

"तिथंही लाट नव्हती."

मला हसू आलं. लोर्नाला आलं नाही. "तुला काही झालं तर ते मला बघावं लागेल, बाबा. फोनवर, ब्रिस्बेनमध्ये बसून. तुला नाही." ती उठून आपल्या खोलीत गेली. तिचंही खरं होतं. बादली लाल पट्टा फिरवत बसला. तो तोडण्यासारखा नसतो, जाड प्लॅस्टिकचा असतो. त्यानं तोडून बघितला असेल असं मला वाटतं, कारण मनगट चोळत होता.

सकाळी बेट आलं. मी वर गेले होते. खरोखर सुंदर दिसत होतं. ज्यावर सगळा संसार झाला, भांडणं झाली, पोरं झाली, ते एका नजरेत मावलं. लोक फोटो काढत होते. एक बाई मला म्हणाली, "इथं माणसं राहत असतील का हो?" मी म्हणाले, "काही काही राहतात."

बादलीनं कड्यांकडे बघितलंच नाही. तो पाणी बघत होता. "दक्षिणेचं उधाण आहे," तो म्हणाला. "उत्तरेकडच्या, कॅस्केडच्या धक्क्याला उतरवतील." आणि तो सरळ खाली निघाला, पाण्याजवळच्या दाराकडे. मी मागे. लोर्ना माझ्या मागे, "आई, त्याला थांबव ना," म्हणत. तिला वाटतं मी त्याला कधी थांबवलं असेल.

दारापाशी त्यानं बूट-मोजे काढून माझ्या हातात दिले. आमचे खलाशी पडावात अनवाणीच उभे राहतात. ओल्या लाकडावर बूट म्हणजे साबण.

रोवेना दारात होती. तिच्या मागे जिन्यावर हिरव्या पट्ट्यांची रांग, टोप्या, छत्र्या, उन्हाचं मलम.

"सर, तुमचा पट्टा लाल आहे."

"माहीत आहे. तुम्हीच बांधलात."

"मी तुम्हाला इथून जाऊ देऊ शकत नाही."

"मी गेलोय का? उभा आहे."

तेवढ्यात लाँचमागे पहिला पडाव आला. वल्ह्यावर रताळ्या, पुढे दोर घेऊन आमचीच दोन माणसं. रताळ्यानं वर बघितलं आणि त्याचं तोंड उघडं राहिलं.

"बादलीकाका! तू त्या बाजूला काय करतोयस?"

"नापास झालो."

"कशात?"

"पाऊल टाकण्यात."

पडावातले इतके हसले की एकाच्या हातातला दोर पाण्यात गेला. मग त्यांनी दारात बघितलं. तिथं कुणी हसत नव्हतं. लोर्ना तर रडवेली झाली होती. रताळ्यानं मनगटावरचा पट्टा बघितला. असा पट्टा कुणाला बांधतात ते त्याला माहीत होतं. दर जहाजावर असे लोक कठड्याशी बसलेले तो बघत आला होता.

"बाई," तो रोवेनाला म्हणाला, "मला एक सांगा. मला पाऊल टाकायला शिकवलं यानं. पडाव दाराशी धरायला शिकवलं यानं. हा नापास, तर मी पण नापास. हे दोघं पण नापास. मग नापास माणसांच्या पडावात तुम्ही तुमचे पाहुणे बसवणार कसे?"

"मिस्टर..."

"रताळ्या."

"मिस्टर रताळ्या, हा नियमाचा प्रश्न आहे."

"तेच तर म्हणतोय. नियम म्हणजे नियम. दोर सोडा रे!"

पडाव दारापासून एका होडीभर लांब गेला आणि तिथं डुलत राहिला. जिन्यावरची रांग कुजबुजायला लागली. कुणीतरी ओरडलं, "काय झालंय पुढे?" दुसऱ्यानं उत्तर दिलं, "एका म्हाताऱ्यानं संप केलाय." रांगेतून टाळी पडली. एकच, पण पडली.

रोवेना फोनवर वर कॅप्टनशी बोलली. बराच वेळ बोलली. आम्हाला तिचं "हो सर," "नाही सर," "अनवाणी, सर," एवढंच ऐकू येत होतं. मग तिनं फोन ठेवला.

"चाचणी पुन्हा होईल. इथं. दोन्ही बाजूंना माझी माणसं उभी राहतील."

"उभी राहू देत. हात लावायचा नाही."

"सर, तुमच्या सुरक्षेसाठी..."

"ज्यानं हात लावला तो माझ्याबरोबर पाण्यात येईल. मला पोहता येतं. त्याला विचारा."

डावीकडच्या खलाशानं हात मागे घेतले.

रताळ्यानं पडाव आणला. बादली दाराच्या कडेला उभा राहिला. गुडघे सैल, नजर खाली, अगदी गालिच्यावर उभा होता तसाच. लोर्नानं माझा दंड धरला. तिची नखं रुतली. मला सांगावंसं वाटलं, की पोरी, मी हे हजार वेळा बघितलंय. पण हजार वेळा त्याचा गुडघा नवा नव्हता, आणि तो एक्याऐंशीचा नव्हता. मी पण तिचा हात धरला.

पहिली लाट. पडाव वर आला, गेला. बादली हलला नाही.

दुसरी. पडाव दाराच्या अगदी बरोबरीला आला. "आता, सर!" रोवेना म्हणाली. बादली हलला नाही. आणि पुढच्या क्षणी पडाव खाली गेला, खाली म्हणजे पुरुषभर खाली, आणि दार आणि पडावाच्या मध्ये हिरवं काळं पाणी उसळून वर आलं.  रोवेनानं त्या फटीत बघितलं. तिच्या 'आता'वर जो पाय पडला असता तो कुठं पडला असता, ते तिला दिसलं. तीही बेटावरचीच पोर होती शेवटी.

तिसरी मोठी आली. पडाव उचलला, माथ्यावर टेकला. कुणीही काही ओरडलं नाही. बादलीनं पाय टाकला. स्वयंपाकघरातून पडवीत जावं तसा तो पलीकडे गेला. गुडघा कुरकुरला असेल. ते त्याचं त्याला माहीत. चेहऱ्यावर काही आलं नाही.

प्रवाशांसाठी फळी होती, तीवर तो बसला नाही. तो पुढे जाऊन उभा राहिला आणि जिन्याकडे बघून म्हणाला, "चला. पुढची टोपीवाली बाई. माझ्या तोंडाकडे बघायचं, पाण्याकडे नाही. थांबा. थांबा. थांबा म्हणतो ना! आता!"

चाळीस माणसं त्या पडावात आली. टोपीसुद्धा पडली नाही. मी आले, लोर्ना आली. लोर्ना 'आता'च्या जरा आधीच निघत होती, तेव्हा बापानं तिला सगळ्यांदेखत झापलं. ब्रिस्बेनमध्ये तिच्या हाताखाली बारा माणसं काम करतात.

धक्क्याला पडाव लागला तेव्हा रताळ्या आधी उडी मारून वर गेला होता. वर येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला तो हात देत होता. बादलीची पाळी आली तेव्हा त्यानं दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि सगळ्या धक्क्याला दिसेल असा ताठ उभा राहिला. बादली वर आला. एक ओली पायरी, दुसरी, मग कोरडा दगड. कचेरीचा साहेब तिथंच होता. बादली त्याला म्हणाला, "सुप्रभात. मी प्रवासी आहे. सहलीला आलोय. बघण्यासारखं काय आहे इथं?"

धक्क्यावरच जेवण मांडलं होतं, तिथं दुपारभर एकच सुरू होतं. जो येई तो त्याच्या ताटात नारळाच्या केकचा तुकडा टाकी आणि म्हणे, "जिंकलास, बादली. आता बस झालं. घरी जा, पाय वर करून पड. सामान रताळ्या आणेल." लोर्नालाही ते पटलं होतं. "खरंच, बाबा. तुला उतरायचं होतं, तू उतरलास. मी त्यांना सांगते की तुम्ही दोघं इथंच राहता."

"आणि ते काय लिहितील? की म्हाताऱ्याला परत चढता आलं नाही."

"कोण बघतंय काय लिहितात ते?"

"मी," बादली म्हणाला. "आणि लिफू राहिलंय."

मलाही लिफू बघायचं होतं. मी माझी टोपी उचलली.

तीनच्या पडावानं आम्ही परत जहाजाच्या दाराशी आलो. चढणं हे उतरण्यापेक्षा अवघड. बादली पडावाच्या कडेवर वाट बघत उभा राहिला आणि लाटेबरोबर दारात पोचला. मग मी, मग लोर्ना. दारात रोवेना कागद घेऊन उभी होती. थकली होती पण हसली.

"सर, एक सही. कॅप्टनसाहेबांनी तुम्हाला विशेष बाब म्हणून परवानगी दिली होती, एवढंच यात आहे."

"मी विशेष बाब नाही. मी पास झालो."

"सर, तसं लिहायला यात जागा नाही. 'पाऊल टाकता येत नाही' याच्यापुढे 'विशेष परवानगी' एवढाच रकाना आहे."

"मग मी इथं उभा आहे."

दाराची रुंदी दोन माणसांची. त्यातली एक जागा बादलीची, दुसरी रोवेनाची. मागे पडावात पस्तीस माणसं उन्हात, आणि समुद्र चढत होता. खालून रताळ्या ओरडला, "काय ते लवकर ठरवा, बाई! माझ्या खांद्याला कळ लागली!"

लोर्ना पुढे झाली. मला वाटलं, आता ही बापाला बाहीला धरून ओढते. तिनं रोवेनाच्या हातातला कागद घेतला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. कामावर वाचत असेल तसा.

"ही पहिली खूण आहे ना, 'मदत लागते', ती मी केलेली आहे," ती म्हणाली. "चूक माझी आहे. ती खोडा."

रोवेनानं खोडली.

"आणि ही दुसरी तुमची."

रोवेनानं कागदाकडे बघितलं. दाराखालच्या पाण्याकडे बघितलं. मग गुडघ्यावर कागद ठेवून तिनं ती ओळ खोडली आणि बाजूच्या कोऱ्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं, 'पाऊल टाकता येतं. चाचणीची जागा चुकली होती.'

"तारीख टाका," लोर्ना म्हणाली. "आणि सही. वाचता येईल अशी."

बादली तोवर आत शिरून जिन्यापर्यंत पोचला होता. तिथल्या खलाशाला तो विचारत होता, की लिफूचा धक्का दगडी आहे की लाकडी.